हातोडा मारलेला साग

वडिलांनी लावलेले साग विकायला काढले तेव्हा व्यापाऱ्याने दोन दर सांगितले. कागदासकट माल दिला तर एक. झाडं उभी दिली आणि ‘परवानगीचं तुम्हीच बघा’ म्हटलं, तर जवळजवळ निम्मा. सरकारी फी या फरकापुढे किरकोळ. परवान्याचा खरा खर्च पावतीवर नसतो, तो दरातून कापला जातो. कोकणात बहुतेकजण तो मुकाट्याने सोसतात. मी कागद स्वतः करायचे ठरवले.

साग स्वतःच्या जमिनीतला असला तरी १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते. सातबारावर झाडांची नोंद, हद्दीची मोजणी, वनपालाची पाहणी, तोड झाल्यावर प्रत्येक नगावर क्रमांक आणि हातोड्याची खूण, मग वाहतूक पास. पण सरकारपेक्षा जास्त वेळ घेतला तो आमच्या सामाईक सातबाराने. एक चुलतभाऊ विरारला, एक बहीण बडोद्याला, आणि संमती सगळ्यांची हवी!

पास मिळायच्या आत रात्रीतून काही नग गेले. ते सापडले तालुक्यातल्या एका आरागिरणीत, आणि कळवले गिरणीवाल्यानेच. हातोड्याची खूण बघून त्याने माल बाजूला ठेवला होता. “चार ओंडक्यांसाठी लायसन घालवू काय?” तो म्हणाला. त्याचं खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या आदेशानंतर नवी आरागिरणी काढणं फार अवघड झालं; असलेला परवाना हीच त्याची इस्टेट. अर्थात, गिरण्या मोजक्या म्हणून कापणावळही तोच ठरवतो. तीही मी भरली.

शेजारी माणग्याचे बांबू फोनवर विकतो. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या ‘झाडा’तून वगळला. सागाला तशी सरसकट सूट देऊ नये असं माझं मत आहे. जंगलातून चोरलेला साग उद्या शेतातला म्हणून बाजारात येईल. मात्र अर्जाचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागलाच पाहिजे, नाहीतर फायदा फक्त मधल्या माणसाचा.

आणि ज्यांच्या बांधावर साग आहे त्यांनी झाडांची नोंद आत्ताच करून घ्यावी. सह्या गणपतीत घ्याव्यात, तेव्हा सगळे घरी असतात.