टॉम्पकिन्सचा हात
जर्मन विद्यापीठात अमेरिकन कायदा शिकवताना हुशार मुलांचीच अडचण जास्त होते. नेमलेला निवाडा ती बारकाईने वाचून येतात, त्यातलं तत्त्व नेमकं मांडतात आणि विचारतात: यावर अमेरिकेचा कायदा काय? करार, नुकसानभरपाई, वारसा यांत असा एकच कायदा बहुधा नसतो, तो राज्यागणिक बदलतो. हे सगळे वहीत उतरवतात, पण मनातून मानत नाहीत. त्यांची १९०० पासूनची दिवाणी संहिता म्युनिकमध्ये तीच, हॅम्बुर्गमध्येही तीच. निवाडे वाचायची सवय असलेला भारतीय विद्यार्थीही इथे अडखळतो. त्याच्याकडे राज्याच्या कायद्याचाही अखेरचा अर्थ दिल्लीतलं सर्वोच्च न्यायालय लावतं. गर्भपाताचा प्रश्न राज्यांवर सोपवणाऱ्या २०२२ च्या डॉब्स निकालानंतर ‘अमेरिकेत गर्भपातबंदी आली का’ असं विचारलं जाऊ लागलं, तेव्हा मी अभ्यासक्रमाचा क्रमच बदलला.

आता सुरुवात राज्यघटनेने नाही, ईरी रेल्वेच्या १९३८ च्या खटल्याने. पेनसिल्व्हेनियात रुळांलगतच्या पायवाटेने जाणाऱ्या टॉम्पकिन्सला मालगाडीतून बाहेर आलेल्या, दारासारख्या कशाचा तरी तडाखा बसला, उजवा हात गेला. कंपनी न्यूयॉर्कची, म्हणून दावा तिथल्या फेडरल न्यायालयात. ज्युरीने ३०,००० डॉलर दिले. पण सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी ठरवलं की वेगवेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांच्या अशा दाव्यात फेडरल न्यायाधीशाने स्वतःचा सर्वसाधारण कायदा घडवायचा नाही, राज्याचाच लावायचा. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यामुळे टॉम्पकिन्स अखेर हरला. वर्ग चिडतो: राज्याच्या सीमेवर न्याय बदलतो, हा कसला न्याय? आक्षेप खरा आहे. पण आधीची व्यवस्था याहून वाईट होती. १९२८ च्या एका खटल्यातल्या केंटकीच्या टॅक्सी कंपनीने केवळ फेडरल न्यायालयात शिरता यावं म्हणून टेनेसीत नव्याने नोंदणी केली, आणि केंटकीत न टिकणारा करार टिकवून घेतला. एकाच गावातल्या दोन न्यायालयांत दोन कायदे, आणि निवड पैसेवाल्याची.

प्रश्नांच्या सरबत्तीने वर्ग खिळवून ठेवणं मला जमतं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण हा गुंता नाट्याने सुटत नाही, त्याला सावकाश वेळच द्यावा लागतो. काही सहकारी म्हणतात, मुलं मोठ्या लॉ फर्ममध्ये जाणार, त्यांना न्यूयॉर्कचे करार आणि डेलावेअरच्या कंपन्या शिकवा, बाकी राज्यांच्या कायद्यातल्या तत्त्वांच्या ‘रिस्टेटमेंट’ या सारांशावर भागेल. अशा झटपट अभ्यासक्रमांचं पेव फुटलंय, ते मला घातक वाटतं. रिस्टेटमेंट विद्वानांनी रचलेलं आहे. न्यायालयाने स्वीकारेपर्यंत ते कायदा नाही. लुइझियानाने तर समान व्यापार संहितेतलं मालविक्रीचं प्रकरण आजवर घेतलेलं नाही. ‘या कराराला न्यूयॉर्कचा कायदा लागू’ हे कलम कुणीही टंकू शकतो. ते नसेल तर कुठला कायदा लागेल, हे मात्र अशिलाला वकिलानेच सांगायचं असतं.