घराला दुसरी वाट हवी

ठाणे,
रविवार

चि. मधुरास,


वास्तुशांतीचे फोटो मिळाले. घर सुरेख आहे, उजेड भरपूर आहे. एका फोटोत मागच्या बेडरूमच्या खिडकीचं बॉक्स ग्रिल दिसलं, म्हणून हे पत्र. ते चारही बाजूंनी वेल्ड केलेलं आहे, उघडणारं दार कुठेच नाही. ते आधी करून घे. ज्यानं ग्रिल बसवलं तोच फॅब्रिकेटर बिजागऱ्या आणि आतून कडी लावून देईल. मोठा माणूस खांद्यांसकट बाहेर निघेल एवढं दार हवं.

तुमची इमारत सात मजली, जिना एकच आणि तुम्ही चौथ्यावर. जिन्यात धूर असला तर तुमच्यापाशी खिडकीच उरते. चौथ्या मजल्यापर्यंत अग्निशमन दलाची शिडी येते, पण वर पोचलेल्या जवानाला आधी गज कापत बसावं लागलं तर ती मिनिटं कुठून आणायची? आपण घर बंद करतो तेव्हा मनात फक्त चोर असतो. सेफ्टी डोअरला रात्री आतून कुलूप, आणि किल्ली तुझ्या सासूबाईंच्या उशीखाली, असं तूच मागे म्हणाली होतीस. अंधारात, खोकत, घाबरलेल्या माणसाला ती किल्ली सापडणार नाही. आतून किल्लीशिवाय उघडणारं लॅच बसवा. तोवर किल्ली दाराशेजारी खिळ्याला, बाहेरून हात पोचणार नाही पण तुझ्या अद्वैतचा पोचेल अशी, रोज त्याच जागी.

गोरेगावच्या जय भवानी इमारतीची आग तुला आठवत असेल. 6 ऑक्टोबर 2023, पहाटे तीनच्या सुमाराची वेळ. आग खाली, तळमजल्यावरच्या सामानात आणि गाड्यांत लागली आणि धूर वर चढला. वरच्या मजल्यांवर माणसं झोपेत होती, त्यातली काही गेली. आग आपल्या घरातच लागायला हवी असं नाही, हे त्या पहाटेनं दाखवलं. जिना धुराड्यासारखा धूर वर ओढतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही की वास नाही. आणि झोपेत नाकावर भरवसा ठेवता येत नाही, जळल्याच्या वासानं जाग येईलच असं नाही. म्हणून झोपायच्या खोल्यांबाहेर छताला बॅटरीवर चालणारे स्मोक अलार्म लावून घ्या.

मधुरा, यंत्रं आणि ग्रिलं पैसे दिले की होतात. सराव मात्र आपल्यालाच करावा लागतो आणि तोच कुणी करत नाही. आमच्या सोसायटीत एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहात जवान येऊन प्रात्यक्षिक दाखवतात. 1944 साली 14 एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळतात. जवान मनापासून शिकवतात. लोक आग विझवायच्या सिलिंडरची पिन कशी काढायची ते बघतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. रात्री तीन वाजता स्वतःच्या पलंगापासून दारापर्यंत कसं जायचं, हे त्यांतलं कुणीही करून पाहत नाही. मला ही गोष्ट फार खुपते.

अद्वैतसाठी तर हे सगळ्यात आधी. अमेरिकेत ओहायोतल्या मुलांच्या एका रुग्णालयात एक प्रयोग झाला होता, 2006 साली तो प्रसिद्ध झाला. 6 ते 12 वर्षांच्या 24 मुलांना गाढ झोपेत असताना एकदा नेहमीचा कर्कश अलार्म ऐकवला आणि एकदा आईच्या आवाजातला, नाव घेऊन ऊठ, खोलीबाहेर जा असं सांगणारा. कर्कश आवाजानं 14 मुलं उठली, आईच्या हाकेनं 23. तुझा सात वर्षांचा मुलगा अलार्म वाजूनही झोपलेला राहू शकतो हे धरूनच बेत ठरव. त्याला उठवायला कोण जाणार, सासूबाईंचा हात कोण धरणार, हे आजच नक्की करा. माझ्या मते तू अद्वैतकडे जा आणि निखिलरावांनी त्यांच्या आईंकडे, कारण आईंच्या गुडघ्यांमुळे जिना उतरताना आधार द्यायला ताकद लागेल.

सराव असा करा. आधी दिवसा सगळ्यांनी मिळून प्रत्येक खोलीतून दोन वाटा शोधा, एक दाराची आणि एक खिडकीची. मग रात्री दिवे बंद करून, अद्वैतला न घाबरवता, खेळासारखं न करता, शांतपणे. पलंगावरून उतरायचं, खाली वाकून किंवा रांगत जायचं, कारण तापलेला धूर छताकडे जमतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते. एक हात भिंतीला. बंद दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावायची. गरम लागलं तर उघडायचं नाही. मोबाईल, दागिने, कागद, काहीही घ्यायला थांबायचं नाही. लिफ्ट नाही. जिना स्वच्छ असेल तर उतरायचं आणि बाहेर पडताना घराचं दार ओढून घ्यायचं. जिन्यात धूर दिसला तर त्यात शिरायचं नाही, परत आत येऊन दार लावायचं, फटीत ओलं कापड कोंबायचं, त्या मागच्या खिडकीशी जायचं, 101 ला फोन करायचा आणि टॉर्च हलवत राहायचं. हे अद्वैतला तोंडपाठ नको, अंगवळणी हवं. वर्षातून दोनदा तरी करा.

रात्री झोपायच्या खोल्यांची दारं लावून घेत जा, हेही सांगते. तुला ते आवडणार नाही, अद्वैतची हाक ऐकू यावी म्हणून तू उघडी ठेवतेस. पण अमेरिकेतल्या यूएल या संस्थेनं घरं जाळून केलेल्या प्रयोगांत दार उघडं असलेल्या खोलीत 1000 अंश फॅरनहाइटच्या वर तापमान गेलं आणि बंद दारामागे ते 100 च्या आसपास राहिलं. साधं लाकडी दार एवढा वेळ मिळवून देतं.

खाली उतरल्यावर भेटायची जागा एकच ठरवा. गेटपाशी नको, तिथून बंब आत येतो. समोरच्या फुटपाथवर उभं राहा, माणसं मोजा. कुणी कमी असेल तर जवानांना सांगा, स्वतः परत वर जाऊ नका. निखिलरावांना हे दोनदा सांग, ते जातील.

सोसायटीच्या मीटिंगमध्येही बोल. जिन्यात चपलांची कपाटं आणि जुन्या सायकली आहेत, त्या हटवायला लाव. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, ते फॉर्म बी, जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. सेक्रेटरींकडे ते बघायला माग. नव्या आलेल्या बाईनं कशाला बोलायचं, असं मनात आणू नकोस.

ग्रिलवाल्याला उद्याच फोन कर. पुढच्या शनिवारी रात्री सगळे घरी असाल तेव्हा पहिला सराव करा, आणि आई जिन्यापर्यंत किती वेळात पोचल्या ते मला कळव.

तुझी,
सुमनमावशी