रागाचा हिशेब

रविवार, मेहकर.

प्रार्थनेहून उठलं की रागही बरोबरच उठतो. बायबलमधल्या पौलाचंही तसंच. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात तो नको तेच हातून घडतं म्हणून कळवळतो. आठव्याच्या आरंभी ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही म्हणतो. मधे तो सुधारला, असं कुठंच लिहिलेलं नाही! मला तेच मोलाचं वाटतं.

हे उमगायला वेळ लागतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३चा, इंग्लंडातला. धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, हे त्यांना कळायला पुढं आठेक वर्षं गेली. एवढी विदुषी!

पैनगंगेकाठच्या या गावात नवस फेडणारे पाहतो. देवाचं देणं चुकतं करायची ती ओढ माझ्यातही आहे. उपास करून रागाची भरपाई करावीशी वाटते. पण ती देवानं मागितलेलीच नाही.

उद्या दुकानात राग येणारच. मंडळींनो, माझ्यासाठी प्रार्थना करा.