बाभळीखालची बंदूक

तिला घर नाही. पत्ता विचारलात तर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१, एवढंच सांगावं लागेल. तुळजापूरहून निघून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत विदर्भात बुटीबोरीला जाणारा हा रस्ता. त्यातला लातूर ते नांदेड हा सुमारे १४० किलोमीटरचा पट्टा म्हणजे तिचं कुरण. आज चाकूरच्या पुढं, उद्या शिरूर ताजबंदच्या अलीकडं, परवा लोहा ओलांडून सोनखेडच्या अंगाला. एक पांढरी गाडी, टपावर दिवा, दारावर पोलिसांचं नाव आणि वर बाभळीची जेमतेम सावली. तिथं ती तिपाईवर नाहीतर गाडीच्या काचेआड बसलेली असते. अंगानं जाडसर दुर्बिणीएवढी, रंगानं काळी, तोंड कायम रस्त्याकडं. कागदोपत्री तिला लेझर स्पीडगन म्हणतात आणि ज्या गाडीतून ती फिरते तिला इंटरसेप्टर. ड्रायव्हर मंडळी एवढ्या खोलात जात नाहीत. दोघींना मिळून त्यांचा एकच शब्द: गाडी.

"गाडी उभी हाय का म्होरं?"

"हाय की. आष्टामोडाच्या अलीकडंच. हळू घ्या मालक."

ती दिसण्याआधी तिची वार्ता येऊन थडकते. समोरच्या बाजूनं येणारा ट्रक भर दुपारी दोनदा डिप्पर मारतो आणि निघून जातो. ओळख ना पाळख. पण त्या दोन झपक्यांत काय ते कळतं. हाच माणूस रात्री डोळे दिपवणारा अप्पर खाली करत नाही. रस्त्यात म्हैस आडवी बसली असेल, दगड पडला असेल, तर तो कुणाला सांगत नाही. पण ती बसली आहे हे मात्र न चुकता सांगतो. एवढा एकोपा या रस्त्यावर दुसऱ्या कशानंच झालेला नाही.

मग दोन किलोमीटर सारा महामार्ग साधुसंतांचा होतो. ११५ वरचा काटा ८० वर येतो. पट्टे ओढले जातात. कानाला लागलेला मोबाईल मांडीवर येतो. कुणी कुणाला डावीकडून काढत नाही, कुणी हॉर्न वाजवत नाही. पांढरी गाडी मागं पडली, आरशात बारीक झाली, की पुन्हा जो तो बुंगाट. तिचं राज्य केवढं, तर नजर पोचेल तेवढं. त्यापलीकडं तिला कुणी विचारत नाही.

स्वभावानं ती अबोल आणि हिशेबी. अंदाज तिला जमत नाही, म्हणून ती करतही नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या लेझरचा एक ठिपका ती गाडीच्या नंबरप्लेटवर टाकते. तो सेकंदाला तीन लाख किलोमीटरच्या वेगानं जातो आणि आदळून परत येतो. जायला-यायला लागलेल्या वेळावरून तिला अंतर कळतं. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात ती हे शेकडो वेळा करते. प्रत्येक वेळी अंतर किती कमी झालं, तोच तुमचा वेग. सोबत फोटो, तारीख, वेळ. तुम्हाला ती दिसेपर्यंत तिचं काम बहुतेक उरकलेलं असतं. ब्रेकवर पाय ठेवून उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट तिच्यावर चिडणाऱ्यांना सहसा माहीत नसते. ती रस्त्याच्या कडेला, म्हणजे तुमच्या वाटेशी थोडा कोन करून बसलेली असते. त्या कोनामुळं तिच्या आकड्यात जो फरक पडतो, तो वेग कमी दाखवण्याकडं पडतो. कोन मोठा तेवढा फायदा तुमचा. लातूरच्या आडत बाजारातल्या काट्यासारखं तिचं आहे: दरवर्षी तपासून शिक्का बसला, तरच तिच्या मापाला किंमत. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ नियमानं अशा यंत्रांना मान्यतेचं प्रमाणपत्र आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण बंधनकारक केलं. वेग तपासला जातो त्या टप्प्याच्या आधी तशी पाटी लावावी, गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवावी, निकाल लागेपर्यंत पुरावा जपून ठेवावा, हेही त्यातच आहे. तिला अधिकार आहेत तसे बंधही आहेत, आणि ते विचारण्याचा हक्क तुमचा आहे.

घराणं मात्र तिचं जुनं. १८९६ साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थानं ताशी दोन मैलांची मर्यादा असताना आठ मैलांनी मोटार हाकली. पोलीस शिपायानं सायकलवरून पाठलाग करून त्याला धरलं आणि कोर्टानं एक शिलिंग दंड केला. वेगापायी झालेली ही पहिली शिक्षा मानतात. त्यानंतर वेग मोजायचा कसा, यावर पोलीस आणि मोटारवाले यांची जुगलबंदी सुरूच राहिली. जगभर गाजलेला एक स्पीड कॅमेरा हॉलंडच्या मॉस गॅटसोनिडेस यांनी बनवला. ते स्वतः मोटार शर्यतीतले पट्टीचे गडी. आपण वळणावर आणखी जोरात कसे जाऊ, हे मोजायला त्यांनी तो घडवला होता. वेगाच्या नादातूनच वेगावरचा पहारेकरी जन्माला आला.

आपल्याकडं तिची गरज कायद्यानंच लिहून ठेवलेली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८. कलम ११२ सांगतं, ठरलेल्या वेगाच्या वर जायचं नाही. कलम १८३ दंड सांगतं. त्याच कलमात एक शहाणी अट आहे: एकट्या साक्षीदाराच्या "मला वाटलं, गाडी जोरात होती" या बोलण्यावर कुणाला दोषी धरता येत नाही; ते मत यंत्राच्या मोजमापावर आधारलेलं हवं. शिपायाच्या नुसत्या मतावर कुणाचा खिसा कापला जाऊ नये, म्हणून ही काळी बया बाभळीखाली बसवली आहे. ती पोलिसांची जेवढी, तेवढीच वाहनचालकाची आहे.

तिच्या डोक्यात आकडे पक्के. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं मध्ये दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्याला कारसाठी ताशी १००, प्रवासी बससाठी ९०, मालवाहू गाड्यांसाठी आणि मोटारसायकलींसाठी ८० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवली. गावाजवळ, वळणावर त्याहून कमी आकड्याची पाटी असेल तर ती पाटी खरी. २०१९ च्या दुरुस्तीनं हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड झाला. महाराष्ट्रानं हे वाढीव दर लगेच स्वीकारले नाहीत. डिसेंबर २०२१ पासून लागू केले. पावती फाडणंही मागं पडलं. आता गाडी न थांबवता मोबाईलवर मेसेज येतो आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर ऐकू येतं, "दोन हजाराचं ऑनलाइन पडलं राव."

तिचा मोठा गुण म्हणजे तिला माणसं ओळखता येत नाहीत. एमएच २४ काय आणि एमएच २६ काय, तिला सारखेच. काचेवर पक्षाचं उपरणं, मागं 'राजे', 'साहेब', 'सरकार' असं काही लिहिलेलं असो, ती वाचते ते आकडे. "म्या कोन हाय, म्हाइत हाय का?" हा मराठवाड्यातला रामबाण सवाल तिच्यापुढं वाया जातो. फोन लावून द्यायला तिला कान नाहीत. तिच्यामागं उभ्या असलेल्या माणसाला मात्र कान आहेत, ऊन लागतं, तहान लागते आणि वरून फोनही येतात. तिच्या नावानं जी कुरकुर ऐकू येते, ती बहुतेक या माणसांच्या आणि जागेच्या निवडीबद्दलची असते. १०० ची पाटी संपून एकदम कमी आकड्याची पाटी लागते आणि नेमकी त्याच्यापुढंच ती दबा धरून बसते, ही तक्रार खोटी नाही. जिथं अपघात होतात तिथं बसावं की जिथं सावज सापडतं तिथं, हे ती ठरवत नाही. तिला उचलून नेणारे ठरवतात.

दोष म्हणाल तर एकच, पण मोठा. तिला फक्त वेग दिसतो.

उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडं निघालेला ट्रॅक्टर तिला दिसतो तो ताशी पंधरा-वीस किलोमीटरचा, म्हणजे निर्दोष. त्याच्या मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची वाढी दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबताहेत, हे तिच्या पडद्यावर उमटत नाही. ढाब्यापुढं दुभाजक फोडून केलेला कट तिला दिसत नाही. त्या कटातून उलट्या बाजूनं येणारी मोटारसायकल हळूच असते, म्हणून तीही सुटते. वेळ अमावस्येला अर्धं लातूर आंबिलाचं मडकं आणि भज्जी घेऊन रानात निघतं. पोराबाळांनी भरलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर महामार्गावरून शेतरस्त्याला वळतात. त्याच दिवसांत लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट आणि हजारो माणसं याच रस्त्याच्या कडेनं चालत असतात. यांतला कुणी ८० च्या वर नाही. तरी भीती असते ती इथंच, कारण १०० चा आणि १५ चा वेग एकाच डांबरावर आणून सोडलेले आहेत.

आणि रस्ता तर वेगासाठीच विकलेला. टोलनाक्यावर फास्टॅगमधून पैसे कापले जातात ते कशाचे? लवकर पोचण्याचे. एका खांबाखाली वेगाची किंमत घ्यायची आणि पुढच्या बाभळीखाली त्याच वेगाचा दंड, असा हा व्यवहार सामान्य माणसाला वाटतो. तो तसा नाही. टोल आहे तो गुळगुळीत, सलग, सुरक्षित रस्त्याचा. पण रस्ता सुरक्षित नसेल तर टोल घेणाऱ्यावर बंदूक कोण रोखणार? २०१९ च्याच दुरुस्तीत १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधकाम, देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणं न केल्यामुळं मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित प्राधिकरणाला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. या कलमाचं नाव टपरीवर कुणाच्या तोंडी नाही.

तसंच एक कलम १८३ च्या पोटात आहे. नांदेडहून संध्याकाळी सुटलेली ट्रॅव्हल्स लातूरमार्गे पहाटे पुण्यात पोचलीच पाहिजे, हे ड्रायव्हर ठरवत नाही, मालक ठरवतो. कायद्याला हे ठाऊक आहे. मर्यादा न मोडता पाळता येणार नाही असं वेळापत्रक छापणं, किंवा अमुक वेळात पोच असा हुकूम देणं, हाच हुकूम देणाऱ्याविरुद्धचा सकृद्दर्शनी पुरावा मानावा, असं तिथं लिहिलेलं आहे. बंदुकीचा ठिपका नंबरप्लेटवर पडतो, बुकिंग ऑफिसच्या भिंतीवर पडत नाही. म्हणून चलान पडतं, वेळापत्रक तसंच राहतं.

तिला नको म्हणणारे समृद्धी महामार्गाकडं बोट दाखवतात. तिथं कारला १२० ची मर्यादा आहे, मग इथंच का छळ? पण समृद्धीनंच दोन धडे दिले. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वैजापूरच्या जांबरगाव टोलनाक्याजवळ आरटीओच्या माणसांनी थांबवलेल्या ट्रकवर भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर आदळला आणि बारा जण गेले. वेगाच्या रस्त्यावर गाडी अडवणं हाही अपघातच असू शकतो. तिनं हात न करता, गाडी न थांबवता काम करावं, हे त्यातून निघतं. आज ना उद्या जालना–नांदेड द्रुतगती महामार्ग झाला की तिथं खांबावरचे कॅमेरे असतील. तिची ती धाकटी बहीण झोपत नाही, उन्हाला कंटाळत नाही आणि डिप्पर मारून तिची खबर देता येत नाही.

तोवर हिशेब साधा आहे. लातूर ते नांदेड १४० किलोमीटर ताशी १०० नं गेलात तर ८४ मिनिटं, १२० नं गेलात तर ७०. वाचली १४ मिनिटं, तीही रस्ता पूर्ण मोकळा मिळाला तर. कोरड्या रस्त्यावर १०० च्या वेगातली कार थांबायला सुमारे ८५ मीटर लागतात, १२० ला सुमारे ११५. ते जास्तीचे तीस मीटर म्हणजे दुभाजकाच्या कटातून निघालेला माणूस. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. सरकारी अहवालानं त्यांतल्या ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यूंच्या नावापुढं अतिवेग लिहिला.

तेव्हा तिच्यावर राग धरू नका. चलान आलं तर फोटो, जागा, पाटीवरचा आकडा बघा. बरोबर असेल तर भरा, चुकीचं असेल तर तक्रार करा. फुटलेला दुभाजक आणि बंद पडलेला दिवा दिसला तर १०३३ वर कळवा. ट्रॅव्हल्सचं तिकीट काढताना गाडी किती लवकर पोचते हे विचारणं सोडा. बाभळीखालचीला आपण एकच काम दिलं आहे आणि ती ते चोख करते. ठेकेदारावर आणि मालकावर रोखायची कलमं कायद्यात तयार आहेत. ती चालवायला लावणं हे काम तुमचं-आमचं आहे.