सह्याद्रीचा तुटलेला शेजारी

संभाजीनगरच्या माणसाला दगड म्हटलं की काळाच आठवतो. देवगिरीचा डोंगर काळा, वेरूळचं कैलास काळं. विहीर खणली तरी मुरूम संपला की काळा पाषाणच लागतो. त्यामुळे सेशेल्सच्या माहे बेटावर उतरलो तेव्हा निळ्याशार समुद्राकडे बघायचं सोडून मी खडकांकडेच बघत राहिलो. घराएवढे गुलाबी-करडे धोंडे, अंगावर पावसानं कोरलेल्या उभ्या पन्हळी. हात फिरवला तर खरखरीत, आणि उन्हात लुकलुकणारे गारगोटीचे दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसावेत इतके मोठे. हा ग्रॅनाइट. वय सुमारे 75 कोटी वर्षं.

पण भर महासागरात ग्रॅनाइट? अशी बेटं एक तर ज्वालामुखीची, नाही तर पोवळ्यांची. ग्रॅनाइट हा खंडांचा दगड. मग हा तुकडा इथं आला कुठून? आपल्याकडून! आज मुंबईपासून सुमारे सव्वातीन हजार किलोमीटरवर असलेली ही जमीन साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम अंगाला चिकटून होती.

त्याच काळात दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत होते. अजिंठा-वेरूळ पुढे कोरलं गेलं ते याच थरांत. इकडे लाव्हा ओतला जात होता आणि तिकडे जमीन ताणली जात होती. कणीक ताणली की मधे पातळ होते आणि मग तुटते, तसंच झालं. सुमारे 6.3 कोटी वर्षांपूर्वी सेशेल्स सुटलं, भारत ईशान्येकडे निघाला आणि मधल्या फटीत नवा समुद्रतळ तयार होऊ लागला. कार्ल्सबर्ग कटकावर, म्हणजे समुद्राखालच्या डोंगररांगेवर, तो आजही होतोच आहे. अंतराला वर्षांनी भागलं तर वर्षाला जेमतेम पाच सेंटिमीटर पडतात. एवढ्याशा चालीनं अरबी समुद्र उघडला!

माहेवरच्या बो व्हालाँच्या पुळणीवरून समोर सिल्हूएट बेट दिसतं. त्याचा खडक मात्र माहेइतका म्हातारा नाही, तो फाटाफुटीच्या वेळचाच आहे. आणखी एक नातं तर थेट जिवंत आहे. सेशेल्सच्या चिमुकल्या बेडकांचा सर्वांत जवळचा नातलग सापडतो तो पश्चिम घाटात. जमिनीखाली राहणारा आणि पावसाळ्यात तेवढा वर येणारा हा जांभळा बेडूक शास्त्राला 2003 साली कळला. त्याच्या शास्त्रीय नावातच सह्याद्री आहे.

तुटलेल्या कडेचं आपल्या बाजूला काय झालं, ते घरच्या वाटेवरच दिसतं. आपल्याकडे लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, अजिंठ्याच्या दरीत ते सरळ मोजता येतात. तेच थर पनवेलच्या पट्ट्यात पश्चिमेकडे वाकून समुद्राकडे कलतात. कडेचा बाहेरचा भाग तुटून खचला, त्याच्यावर गाळ साठला. 1974 साली मुंबई हायचं तेल सापडलं ते अशाच खचलेल्या, समुद्राखालच्या भागात. आतली बाजू उचलली गेली आणि नद्यांनी तिचा कडा कोरत कोरत पूर्वेला मागे नेला.

म्हणून सह्याद्रीला हिमालयासारखी घडी पडून झालेली पर्वतरांग समजू नका. संभाजीनगरहून नाशिकमार्गे निघा. इगतपुरीपर्यंत डोंगररांग चढल्यासारखं वाटतच नाही, आणि कसारा घाटात एकदम खाली उतरावं लागतं. ती आपल्या पठाराची फाटलेली कड आहे.