गरीब म्हणजे परका

मराठीत ‘गरीब’ म्हटले की ज्याच्या हाती पैसा नाही असा माणूस डोळ्यांसमोर येतो. अरबीत मात्र ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी. उर्दूतल्या ‘गरीबुल वतन’मध्ये हा जुना अर्थ अजून टिकून आहे. वर्गात हा फरक आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून समजावतो. पण त्या शब्दाचे वजन कळले ते आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलेल्या सुदानी मुलामुळे.

पुण्याला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. इथले विद्यापीठ १९४९ सालचे. पुढच्याच वर्षी मौलाना अबुल कलाम आझाद यांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद स्थापन केली. तिच्या शिष्यवृत्तीवर कोणी येतो, कोणी घरच्या पैशावर. सुदान, येमेन, अफगाणिस्तान, इराण अशा देशांतली मुले आपल्या मोहल्ल्यांत दिसतात. ती मुसलमान आहेत, मशीद जवळ आहे, हलाल मटण मिळते, मग त्यांना परके वाटायचे कारण काय, असे पुष्कळांना वाटते.

कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली या अवस्थेवर लेख लिहिला. कोणाशी कसे बोलावे, कोणाचा शब्द कितपत खरा धरावा, अशा शेकडो बारीक खुणांवर आपले रोजचे जगणे चालते. परमुलखात त्या सगळ्या खुणा एकदम नाहीशा होतात. सुरुवातीला नवलाई असते. मग किरकोळ गोष्टींवर संताप येतो, पाण्याची नि अन्नाची धास्ती वाटते, घराची ओढ असह्य होते. हळूहळू माणूस सावरतो. यालाच कल्चर शॉक म्हणतात. आपण मान डोलावतो ती होकारार्थी की नकारार्थी, आणि दुकानदाराचे ‘उद्या या’ म्हणजे नक्की कधी, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

आमचा हा मुलगा पहिला महिनाभर खुशीत होता. घरी नाश्त्याला काय खायचास, असे विचारल्यावर तो म्हणाला, “फूल.” आमची मुले हसून लोटपोट झाली. ‘फूल’ म्हणजे शिजवून घोटलेल्या बाकल्याच्या दाण्यांचा, पावासोबत खायचा पदार्थ, हे कळल्यावर तोही हसला. तिसऱ्या महिन्यात मात्र त्याचे दार बंद राहू लागले. कॉलेज बुडू लागले. इंग्रजीत सुरू झालेला तास मध्येच मराठी-हिंदीकडे वळायचा आणि याला काही कळायचे नाही. हे एक कारण होते. दुसरे कारण मशिदीतले निघाले.

सुदानमध्ये मालिकी मस्लक चालतो. त्या मस्लकातले अनेक जण हात न बांधता, खाली सोडून नमाज पढतात. हा तसाच उभा राहिला. नमाजनंतर एका बुजुर्गांनी सगळ्यांसमोर त्याला टोकले, नमाज तरी शिकून ये म्हणाले. त्या दिवसापासून तो खोलीतच नमाज पढू लागला. आम्ही जेवणाचे ताट घेऊन वर गेलो तेव्हा त्याने हे सांगितले आणि म्हणाला, “अना गरीब हुना.” मी इथे परका आहे. ज्या एका जागी तो परका नसायला हवा होता, तिथेच त्याला परके केले गेले होते.

आम्ही इमामसाहेबांना भेटलो. त्यांनी जुम्याच्या बयानात कोणाचेही नाव न घेता इमाम मालिक आणि मदिनेची गोष्ट सांगितली. आपल्याच कोकणातले भाऊ शाफई आहेत आणि असरची नमाज आपल्याआधी पढतात, याचीही आठवण दिली. पुढच्या जुम्याला तेच बुजुर्ग जिना चढून आले आणि त्याला सोबत घेऊन गेले.

तेव्हापासून अशा मुलांसाठी आम्ही काही गोष्टी ठरवून करतो. परदेशी भाडेकरू आला की घरमालकाला चोवीस तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. या कटकटीपायी लोक खोली नाकारतात. आम्ही सोबत बसून कागद पुरे करतो. ‘कधीही ये’ असे मोघम न म्हणता ‘रविवारी दुपारी जेवायला ये’ असे सांगतो, आणि एखाद्या रविवारी चूल त्याच्या ताब्यात देतो. एप्रिल २०२३ मध्ये सुदानात युद्ध पेटले. तिकडचा फोन लागत नसेल तर विषय न बदलता जवळ बसून राहतो. झोप आणि जेवण दोन्ही सुटले, तर नुसत्या धीरावर न भागवता डॉक्टरांकडे नेतो.

इब्ने बतूता १३२५ साली एकविसाव्या वर्षी तंजाहून एकटाच निघाला. ट्युनिसला पोहोचला तेव्हा गावकरी बाहेर येऊन काफिल्यातल्या ओळखीच्यांना सलाम करत होते. याला कोणी ओळखत नव्हते. त्याला रडू कोसळले. एका हाजीने ते पाहिले, जवळ येऊन सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिला. पुढे हाच मुसाफिर आपल्या दौलताबादलाही येऊन गेला.

त्या हाजीने काही मोठे केले नव्हते. तुमच्या इमारतीत, मशिदीच्या शेवटच्या सफमध्ये असा एखादा मुलगा असेल. त्याला सलाम करा, नाव विचारा आणि जेवायला कोणत्या दिवशी यायचे तेही सांगा.