यंदाचा बडग्या

तान्हा पोळा, रात्र.

दिवसभर नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत होतो. काळी मारबत १८८१पासून निघते, पिवळी १८८५पासून. माझं लक्ष मात्र बडग्यांवर होतं. महागाई, भ्रष्टाचार, जे काही त्या वर्षी लोकांना छळतं, त्याचाच पुतळा होतो. इतवारी-महालातून माणसं त्याला हसत, ओरडत नेतात आणि शेवटी जाळतात.

स्टँड-अपच्या पहिल्या पाच मिनिटांसाठी महिनाभर विषय शोधतोय. आज वाट दिसली. घरी येऊन वहीत वर लिहिलं : यंदा माझा बडग्या कोणता?

उत्तरं भराभर आली. खोली भाड्यानं घेताना आधी विचारलेलं आडनाव. मे महिन्याच्या उन्हातली भरदुपारची वरात. ‘काहून बाप्पा, काय करून राहिला आजकाल?’ म्हणणारे काका. प्रत्येक प्रसंगातली जागा, आवाज, नेमकं वाक्य टिपलं. मग मोठ्यानं बोलून पाहिलं. हशाचा शब्द वाक्याच्या शेवटी नेला, आधीचा पसारा छाटला. नागपुरी बोली तशीच ठेवली. प्रमाण भाषेत तिचा ठेका हरवतो.

बडग्या छळणाऱ्याचा करतात, छळल्या गेलेल्याचा नाही. माइक हातात घेताना एवढं मला जपायचं आहे.